ओसरीवर बसणारी माणसं

शुक्रवार, ५ सप्टेंबर २०२५, अंबाजोगाई

शिक्षक दिन. चौतीस वर्षांत पहिल्यांदा हा दिवस घरी गेला. मेअखेर सेवा संपली, जिल्हा परिषदेची शाळा सुटली, पण मुलं सुटली नाहीत. सकाळपासून फोन वाजत होता. कुणी पुण्यात कंपनीत, कुणी गेवराईकडं तलाठी, एक जण परळीच्या औष्णिक केंद्रात. त्यांतल्या चौघांनी शेवटी एकच विचारलं, "बाई, तुम्ही फेसबुकवर का नाहीत?"

मी आजवर मुद्दाम लांब राहिले होते. शाळेच्या कामाला व्हॉट्सॲप पुरेसं होतं. माहिती भरा, फोटो टाका, लिंक उघडा, ह्यातच संध्याकाळ व्हायची. आता वेळ आहे. आणि आपली मुलं जिथं बोलतात तिथं आपण नसावं, हे मनाला पटेना.

संध्याकाळी पुतण्या गावाकडून गवारीच्या शेंगा घेऊन आला. त्यानंच खातं उघडून दिलं. नंबर, जन्मतारीख, एक फोटो, झालं. मग पडद्यावर माणसांची रांग लागली. फोनमधले नंबर वाचायची परवानगी त्यानं परस्पर देऊन टाकलेली, त्यामुळं गॅसवाला, दूधवाले मामा, सासरचे, माहेरचे, जुने केंद्रप्रमुख सगळे एका ओळीत. त्याखाली पुढाऱ्यांची पानं, देवाधर्माची पानं, कसल्या कसल्या 'किंग' लोकांची पानं.

"काकू, सगळ्यांना फॉलो करून टाका. मग येतंय सगळं आपोआप."

मी त्याच्या हातातून फोन घेतला. पहिलीच्या वर्गात इतकी वर्षं मुलं बसवली आहेत. जूनच्या पहिल्या आठवड्यात कोण कोणाशेजारी बसतं त्यावर त्या मुलाचं वर्ष कसं जाणार ते बरंचसं ठरतं. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, हे मी मुलांच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलंय. मोठ्या माणसांना ते लागू नाही असं कोण म्हणेल?

कपाटातून एक कोरी वही काढली. आधी नाव वहीत लिहायचं, त्यापुढं कशासाठी ते लिहायचं, मग बटण दाबायचं. पुतण्या म्हणाला, "असं कुणी करत नसतंय." नसेल करत.

रविवार, ७ सप्टेंबर

वहीत पहिलं नाव बालाजी सुतार. आमच्याच अंबाजोगाईचे. 'दोन शतकांच्या सांध्यावरच्या नोंदी' वाचताना मी दोनदा पुस्तक मिटून बसले होते, इतकं ते आमच्या गावांचं होतं. मुकुंदराज-दासोपंतांचं गाव म्हणून आम्ही छाती पुढं काढतो, पण आज इथं बसून कोण काय लिहितंय ते आम्हाला माहीत नसतं. हे नाव लिहायला विचार करावा लागला नाही.

दुसरं, अविनाश साबळे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. शाळा सहा किलोमीटर लांब, पोरगं पळतच जायचं. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य. सोनं सेकंदाच्या विसाव्या भागानं हुकलं. पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. ह्या वर्षी जुलैत मोनॅकोच्या शर्यतीत तो पडला आणि गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. येत्या आठवड्यात टोकियोत जागतिक स्पर्धा आहे, त्यात तो नाही. यांनी विचारलं, "धावतच नाही सध्या, तर बघायचं काय?" मला तेच बघायचंय. जिंकताना सगळेच मागं असतात. गुडघा बांधून माणूस पुन्हा उभा कसा राहतो, हे दाखवणारा एक तरी जण रोजच्या नजरेत असावा.

तिसरं, हवामान खातं. इथं पुतण्याशी वाद झाला. त्याच्या फोनवर परभणीकडच्या पंजाबराव डखांचा अंदाज आधी, खात्याचा नंतर. शेतकरी असं का करतो ते त्याच्याशी बोलताना कळलं. खातं जिल्ह्यापुरतं बोलतं: बीडला पिवळा इशारा, बीडला नारिंगी इशारा. पुतण्याला हवा असतो त्याच्या वावरातला पाऊस, आणि तो मराठीत, तारीख सांगून, ओळखीच्या माणसाच्या आवाजात हवा असतो. मी दोन्ही ठेवले. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा सल्लाही ठेवला, कारण तिथं पावसासोबत सोयाबीनचं काय करायचं तेही सांगतात.

तीन दिवसांत पाच नावं. आज खग्रास चंद्रग्रहण आहे, आभाळ मोकळं राहिलं तर गच्चीवरून बघू.

मंगळवार, ९ सप्टेंबर

मैत्रीच्या विनंत्या दीडशेच्या घरात गेल्या. मुलानं पुण्याहून फोनवर समजावलं. मैत्री दोन्ही बाजूंनी असते, तिला पाच हजारांची मर्यादा. फॉलो एका बाजूनं. आपण त्यांचं बघतो, त्यांना आपलं बघायची गरज नाही. आणखी एक गोष्ट त्यानं सांगितली ती मला फार कामाची वाटली: मैत्री ठेवून एखाद्याला अनफॉलो करता येतं. तो यादीत राहतो, पण त्याचं लिहिलेलं आपल्या समोर येत नाही. त्याला कळतही नाही.

विनंत्या बघताना हात आपोआप कुठं थांबत होता ते माझ्या लक्षात आलं. आडनावावर. आपल्यातलं आडनाव दिसलं की बोट 'स्वीकारा'कडं जात होतं, दुसरं दिसलं की मी आधी फोटो, मग गाव, मग पोस्ट तपासत होते. मी, जिनं आयुष्यभर वर्गात पोरांना पहिल्या नावानं हाक मारली.

आपल्या जिल्ह्याला हे आता मोठ्यानं सांगायची लाज राहिलेली नाही. लोकसभेचा निकाल लागला २०२४ ला, ६,५५३ मतांचा फरक. त्यानंतर अमक्याच्या दुकानात चहा पिऊ नका, तमक्याच्या टपरीवर जाऊ नका, असले निरोप फोनवर आले. आमच्या शिक्षकांचा एक गट होता, वीस वर्षं एकत्र प्रशिक्षणं केलेली माणसं. त्याचे दोन गट झाले. डिसेंबरात मस्साजोगच्या सरपंचांची, संतोष देशमुखांची, हत्या झाली. मार्चमध्ये त्या हत्येचे फोटो हातोहात फिरले. आठवीतल्या एका मुलाच्या फोनवर मी ते पाहिले. त्याला कुणी पाठवले, ते त्याला सांगता येत नव्हतं; येत गेले म्हणाला.

ह्याच वर्षी बीडचे पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी पोलिसांच्या नावपट्टीवरून आडनाव काढायला लावलं, फक्त पहिलं नाव. तेव्हा काही जण म्हणाले, पाटी बदलून मन बदलतं का? मला तो निर्णय तेव्हाही आवडला होता. मन बदलायच्या आधी डोळ्यांना सवय लावावी लागते. वहीतली नावं आज पुन्हा लिहून काढली. लेखक आणि खेळाडू सोडून बाकी ओळखीपाळखीची सगळी नुसत्या पहिल्या नावानं, आणि पुढं गाव. आता वाचताना कोण कुठल्या घरचं ते पटकन कळत नाही.

शनिवार, १३ सप्टेंबर

काल दुपारी एक चित्रफीत आपोआप सुरू झाली. बसस्थानकात दोन बाया एकमेकींच्या झिंज्या धरून भांडतायत आणि भोवतीचे लोक चित्रीकरण करतायत. मी पुढं सरकवली नाही, शेवटपर्यंत पाहिली. आवडलं म्हणून नाही, कुणी सोडवतंय का ते बघायला. आज सकाळपासून भांडणंच येतायत. शेताच्या बांधावरची, लग्नातली, ग्रामसभेतली.

म्हणजे फेसबुक माझी वही वाचत नाही, माझी नजर किती वेळ कुठं थांबली ते वाचतंय. मी कुणाला निवडलं त्यापेक्षा कशापाशी रेंगाळले, हे त्याला जास्त महत्त्वाचं. मुलाला सांगितलं तेव्हा त्यानं 'फीड्स' नावाची एक वेगळी खिडकी दाखवली. तिथं आपण निवडलेल्यांचंच दिसतं, आणि वेळेच्या क्रमानं. नको त्या पोस्टवर 'कमी दाखवा' म्हणायची सोयही आहे. आता फोन उघडला की आधी त्या खिडकीत जायचं, असं ठरवलं. दोन टिचक्या जास्त पडतात.

रात्री एक मोठा लाभ झाला. 'पारी'चं पान मिळालं, पी. साईनाथ यांनी सुरू केलेलं, ग्रामीण भारताबद्दल लिहिणारं. मराठीतही आहे. त्यात जात्यावरच्या ओव्यांचा साठा आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून जमवलेला, लाखाच्या वर ओव्यांचा. आणि त्यात आमच्या माजलगावच्या भीमनगरमधल्या बायांनी म्हटलेल्या, बाबासाहेबांवरच्या ओव्या. माजलगाव इथून जवळ. मी बदलीवर तिथं राहिलेली आहे. त्या वस्तीवरून रोज शाळेत जात होते, आणि तिथल्या बाया काय गातात ते मला पुण्या-मुंबईच्या लोकांनी जपून ठेवलं म्हणून आज कळतंय. कानाशी फोन धरून अंधारात बराच वेळ ऐकत बसले. वहीत ह्या नावाखाली दोन रेघा ओढल्या.

बुधवार, १७ सप्टेंबर

मुक्तिसंग्राम दिन. आणि आज बीडहून अहिल्यानगरला रेल्वे सुटली. आमच्या पिढीनं ह्या गाडीच्या नुसत्या घोषणा ऐकल्या. अहिल्यानगर-बीड-परळी, २६१ किलोमीटर; त्यातला बीडपर्यंतचा टप्पा झाला. स्थानकावर म्हातारी माणसं इंजिनाला हात लावून नमस्कार करत होती, ते बघून माझेही डोळे भरले. यांना आवाज देऊन बोलावलं, दोघांनी मिळून पाहिलं.

पण दिवसभरात एकच इंजिन मी तीसेक पानांवर पाहिलं असेल आणि प्रत्येक पानावर ते वेगळ्याच नेत्यानं आणलेलं होतं. गाडी किती वाजता सुटते, कुठं थांबते, तिकीट किती, हे लिहिणारा मला एकच सापडला. बीडचा कुणी तरुण आहे, रेल्वेचा नाद असलेला. चार वर्षं तो ह्या मार्गावरच्या पुलांचे, रुळांचे, अर्धवट फलाटांचे फोटो टाकतोय, कुणी बघत नसतानाही. ते मागं मागं जाऊन सगळे पाहिले. त्याचं नाव लिहिलं आणि पुढं कारण: 'स्वतः जाऊन पाहतो, मग लिहितो.' हे कारण लिहिताना मला बरं वाटलं. आता प्रत्येक नावापुढं आधी हेच विचारणार: ह्यानं पाहिलंय, की ऐकलंय?

तसं बघून तीन नावं खोडली. तिन्ही आमच्यातली, चांगल्या हुद्द्यावरची. रोज दहा-बारा गोष्टी पुढं ढकलतात, स्वतःचं एक अक्षर नाही.

रविवार, २१ सप्टेंबर

सर्वपित्री. सासूसासऱ्यांचं पान वाढायचं म्हणून सगळे आमच्याकडं. दोन्ही दीर, जावा, पुतणे, नातवंडं मिळून सोळा पानं. आळूची भाजी, खीर, वडे, आमसुलाची चटणी.

धाकटे दीर जेवायला बसले तेव्हा मी त्यांच्याकडं बघायचं टाळत होते. ह्या माणसानं माझ्या बाळंतपणात मध्यरात्री बैलगाडी जुंपून मला केजला नेलं होतं. रस्ता नव्हता, पाऊस होता, हातात कंदील घेऊन ते गाडीपुढं चालत होते. आणि गेले पंधरा दिवस फेसबुकवर त्यांचं जे मी वाचतेय, ते वाचवत नाही. दुसऱ्या जातीच्या माणसांबद्दल, त्यांच्या पुढाऱ्यांबद्दल, त्यांच्या बायाबापड्यांबद्दलसुद्धा. शब्द त्यांचे नाहीत, कुठून कुठून आलेले आहेत, पण पुढं नाव त्यांचं, फोटो त्यांचा, तोच सासऱ्यांसारखा फेटा.

पंगतीत त्यांनी मला विचारलं, "वहिनी, तुम्ही फेसबुकवर आलात म्हणे. माझं बघता का?"

"बघते, भाऊजी."

"कसं वाटतंय मग?"

सगळे जेवत होते. पितरांचं पान वाढलेलं होतं. मी म्हटलं, "खीर घ्या अजून."

रात्री सगळे गेल्यावर त्यांच्या नावावर गेले आणि अनफॉलो केलं. मैत्री राहू दिली. त्यांना कळणार नाही. यांना सांगितलं तर म्हणाले, "बरं केलंस, डोक्याला ताप नको." मला मात्र बरं केल्यासारखं वाटत नाही. अनोळखी माणसाला यादीतून काढणं म्हणजे दार लावणं. घरच्या माणसाचं तसं नसतं. ज्यानं कंदील धरला त्याला अंधारात सोडून आपण आत निघून आलो, असं झालंय. मी शिक्षक होते. चुकणाऱ्या मुलाकडं मी कधी पाठ फिरवली नाही. पण रोज सकाळी ते विष वाचून माझंही मन कडवट होत होतं, हेही खरं. दोन्ही खरं असलं की काय करायचं, ते वहीत लिहिता येत नाही.

मंगळवार, २३ सप्टेंबर

काल घट बसले. पाऊस थांबत नाही. बिंदुसरा, सिंदफणा, मांजरा सगळ्या नद्या भरून वाहतायत. आष्टीकडं तर आधीच पाणी शिरलेलं.

आज माझ्या हातून जे घडलं ते लिहून ठेवते.

रात्री नऊच्या सुमारास पुराच्या बातम्या देणाऱ्या एका पानावर पोस्ट आली: आमच्या गावच्या वरच्या अंगाचा बंधारा फुटला, नदीकाठच्या लोकांनी तात्काळ बाहेर पडावं. सोबत पाण्याचा लोंढा येतानाची चित्रफीत. चारच दिवसांपूर्वी मी ते पान निवडलं होतं. चाळीस हजार लोक त्याच्या मागं होते आणि नावात जिल्ह्याचं नाव होतं. मी क्षणभर थांबले नाही. पुतण्याला पाठवलं, जावेला पाठवलं, गावातल्या दोन माजी विद्यार्थ्यांना पाठवलं. 'बाईंनी पाठवलंय' म्हटल्यावर गावात ते खरंच ठरलं.

जाऊबाईंनी अंधारात, पावसात, नातवाला कडेवर घेऊन, म्हशी सोडून देऊन वरच्या आळीचं देऊळ गाठलं. वाटेत त्यांचा पाय मुरगळला. आणखी सात-आठ घरं बाहेर पडली. अकरा वाजता पुतण्याचा फोन आला. तो बॅटरी घेऊन बंधाऱ्यापर्यंत जाऊन आला होता. बंधारा जागेवर होता. पाणी त्यावरून वाहत होतं, जसं दर मोठ्या पावसात वाहतं.

"काकू, असू द्या. सांगितलं ते बऱ्यासाठीच," तो म्हणाला. एक म्हैस अजून सापडलेली नाही.

बुधवार, २४ सप्टेंबर

झोप लागली नाही. पहाटे मुलाला फोन केला आणि विचारलं, एखादं पान कोणाचं आहे ते कळतं का? कळतं. पानाच्या माहितीत 'पारदर्शकता' म्हणून एक जागा असते. पान कधी सुरू झालं, त्याची आधीची नावं काय होती, चालवणारे कुठल्या देशात बसलेत, सगळं तिथं असतं. २०१८ पासून आहे म्हणे ही सोय.

उघडून पाहिलं. ते पान आधी शायरीचं होतं. मग निवडणुकीच्या काळात एका उमेदवाराच्या नावाचं. मग सणांच्या शुभेच्छांचं. आता पुराचं. चाळीस हजार माणसं शायरीसाठी जमली होती, ती तशीच पुढं विकली गेली असावीत. त्यांच्यातल्या कुणाला आपण आता पुराच्या बातम्या ऐकतोय हे माहीत नसेल. ती चित्रफीतही ह्या पावसाळ्यातली नव्हती. पुतण्यानं नीट पाहिलं तेव्हा मागं नारळीची झाडं दिसली. आमच्या नदीला नारळी कुठल्या!

वहीतल्या प्रत्येक पानाची अशी जन्मकुंडली आज काढली. बावन्न नावांतली एकोणीस गेली. त्या रिकाम्या जागी जिल्हा माहिती कार्यालय लिहिलं. त्यांची भाषा कोरडी असते, फोटो बैठकांचे असतात, म्हणून मी आधी ते घेतलं नव्हतं.

मग जाऊबाईंना भेटायला गावी गेले. पाय सुजलाय. त्यांच्या उंबऱ्यात बसून मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "म्हैस आली बघा सकाळी आपोआप. तुमी बसा, च्या ठिवते." पाय ओढत आत गेल्या.

रविवार, २८ सप्टेंबर

जायकवाडीतून मोठा विसर्ग. गेवराई, माजलगावच्या गोदाकाठाला इशारा. ह्या वेळी मी कुणालाही काही पाठवलं नाही, जिल्हा माहिती कार्यालयाचा निरोप तेवढा दोघांना, वेळ लिहून. गोदाकाठच्या एका गावातला माझा विद्यार्थी दर तासाला घाटाच्या पायऱ्यांचा फोटो टाकत होता: आता अकरावी पायरी पाण्यात, आता नववी. बाकी एक शब्द नाही. दिवसभर मी त्याच्याच पायऱ्या मोजत होते.

सोयाबीन गेलं. कापसाची बोंडं काळी पडली. पुतण्या दुपारपासून बोलत नाही.

गुरुवार, २ ऑक्टोबर

दसरा. आज जिल्ह्यात दोन मेळावे. नारायणगडावर मनोज जरांगे, सावरगावला भगवान भक्तिगडावर पंकजा मुंडे. मी दोन्ही पानं निवडली होती आणि दोन्ही भाषणं फोनवर ऐकली, एकामागून एक, पूर्ण. यांना ते विचित्र वाटलं. पण एकाच बाजूचा फोन असलेल्या घरात आज दुसरा मेळावा झालाच नाही, असं असणार. आणि दुसऱ्या घरात पहिला झाला नाही. एकाच जिल्ह्यातली, एकाच पावसानं झोडपलेली माणसं, गर्दीतले चेहरे अदलाबदल केले तर कुणाला ओळखू येणार नाहीत. डोक्यावरच्या टोप्या त्याच, रापलेले हात तेच. कुणाचं म्हणणं मला कुठं पटलं, कुठं नाही, ते आहेच. ते दोन्हीकडचं ऐकल्यावर ठरवता येतं.

संध्याकाळी धाकटे दीर सोनं घेऊन आले. आपट्याची पानं हातात दिली, पाया पडले. मी त्यांना बसवलं आणि सांगितलं, "भाऊजी, मी तुमचं लिहिलेलं बंद केलंय. पंधरा दिवस वाचलं, मग सहन होईना."

ते काही बोलले नाहीत. मी फोन उघडून त्यांचीच एक पोस्ट त्यांना मोठ्यानं वाचायला सांगितली. वर्गात मुलाला सांगते तशी. दुसऱ्या ओळीशी त्यांचा आवाज अडला. आमची नात शेजारी बसून रंगवत होती, तिच्यासमोर तो शब्द तोंडातून काढवेना.

"मी हे लिहिलेलं नाही, वहिनी. आलेलं होतं, पुढं टाकलं."

"नाव तुमचं आहे."

बराच वेळ बसले. चहा गार झाला. जाताना फोन माझ्याकडं देऊन म्हणाले, "हे ज्यांच्याकडून येतंय ते कसं काढायचं, ते दाखवा." रात्री साडेनऊपर्यंत आम्ही दोघं त्यांची यादी बघत बसलो. सगळं निघालं नाही. काही नावांशी ते अडले, म्हणाले हे राहू द्या, हा माझा माणूस आहे. मी राहू दिलं. मी त्यांना पुन्हा फॉलो केलं.

रविवार, ५ ऑक्टोबर

वही उलटी सुलटी चाळताना दिसलं की इतक्या नावांत ऊस तोडणारं एकही माणूस नाही. ह्या जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसं तोडीला जातात. माझ्या हजेरीपटावर दर वर्षी दिवाळीनंतर निम्म्या नावांपुढं आडवी रेघ असायची ती मार्चपर्यंत. आर्वीच्या शांतिवनचं पान मी घेतलंय, दीपक आणि कावेरी नागरगोजे तोडीवर जाणाऱ्यांच्या मुलांसाठी काम करतात ते. पारीवर ऊसतोडीचं लिखाण आहे. २०१९ साली आमच्या बायांच्या गर्भपिशव्या काढण्याची बातमी देशभर गाजली, तेव्हाच्या सरकारी पाहणीत ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. हे सगळं त्यांच्याबद्दल झालं. त्यांचं स्वतःचं काय?

म्हणून दुपारभर जुने हजेरीपट आठवून एकेक नाव शोधलं. चौथ्या की पाचव्या नावाला ती सापडली. बऱ्याच वर्षांपूर्वीची, दुसऱ्या बाकावर बसणारी, पाढे बिनचूक म्हणणारी. सातवीनंतर लग्न. फेसबुकवर तिला अकरा जण फॉलो करतात.

गेल्या हंगामातल्या तिच्या पोस्टी वाचल्या. फोटो अंधुक आहेत. पाचटाची कोपी, चुलीवर काळं झालेलं पातेलं, पहाटे तीनला ट्रॅक्टरच्या उजेडात मोळी बांधतानाचे हात. एका फोटोखाली तिनं लिहिलंय, आज दोघांनी मिळून किती टन भरलं आणि उचल किती फिटली. वजाबाकी हातानं मांडलेली आहे, हातचा घेऊन, मी शिकवली तशी. तपासली. बरोबर आहे.

काल रात्रीची पोस्ट: मुकादम येऊन गेला, दिवाळी झाली की निघायचं, पाऊस एवढा झालाय की फड चिखलात असणार. आणि शेवटी: ह्या वर्षी पोरगी पहिलीत आहे, तिला सोबत न्यावं का आईपाशी ठेवावं, काही सुचंना.

वहीत तिचं नाव लिहिलं. कशासाठी, ती जागा कोरी ठेवली, आणि फॉलो केलं. तासाभरात निरोप आला, "बाई, तुमी हाव का ह्या?"

तिचं गाव इथून धारूरच्या वाटेवर आहे. हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव शाळेनं पाठवलाय का ते आधी मुख्याध्यापकांना विचारायला हवं. उद्या कोजागिरी आहे, पण सकाळची एसटी आठ वाजता आहे. मी तिला लिहिलं, येते.